काजूचीं खुरटलेलीं रोपें आणि खताची घाई

आषाढ लागला कीं आमच्याकडे येणाऱ्या शेतकरी बंधूंपैकीं निम्मे तरी एकच प्रश्न घेऊन येतात : काजूचीं रोपें वीतभर होऊन थांबलीं, आतां कोणतें खत द्यावें? आमचें उत्तर पुष्कळांस रुचत नाहीं. खत देऊं नये. प्रथम एक पिशवी फाडून मूळ पाहावें. पन्नासांत एक रोप गेलें तर तोटा नाहीं. न पाहतां पन्नासांस युरिया घातला तर पन्नासही जाण्याचा संभव असतो.

काजूचें बीं आपली शिदोरी बरोबर घेऊन येतें. वर येणाऱ्या त्या दोन जाड दलांवर रोप पहिले कांहीं दिवस जगतें. खारीनें किंवा उंदरानें तीं खाल्लीं तर रोप मागें पडलेंच. या वयांत मुळाशीं टाकलेलें रासायनिक खत पोसण्याऐवजीं पोळतें.

मूळ तपकिरी व कुजकें निघालें तर दोष पाण्याचा. वेंगुर्ल्यास वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. भोकें बुजलेली पिशवी ही मग घागरच होते. भोकें मोकळीं करावीं, पिशव्या उंचवट्यावर मांडाव्या, मेलेलीं रोपें मातीसकट दूर टाकावीं व उरलेल्यांस एक टक्का बोर्डो मिश्रण द्यावें. मुळानें तळाशीं वेटोळें घातलें असेल तर रोप पिशवींत फार दिवस राहिलें. त्यास कोणतेंही खत सरळ करणार नाहीं.

आमची स्वतःची चूक येथें सांगणें प्राप्त आहे. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षीं आम्हीं पिशव्यांत किनाऱ्यावरची वाळू घातली. पानांच्या कडा करपल्या. ती भूक समजून आम्हीं खत वाढविलें, म्हणजे खारांत खार ओतला, आणि तीनशेंपैकीं दोनशें रोपें गमावलीं. जन्मभर दुसऱ्यांच्या पीकपाहणीचे रकाने तपासले. आपली वाळू कोठली हें तपासलें नाहीं! वाळू ओढ्याची किंवा नदीची घ्यावी.

मूळ पांढरें, सरळ, निरोगी आणि तरी पानें फिकट, असें रोप मात्र खरोखर उपाशी असतें. जांभ्यापासून झालेली आपली तांबडी माती आम्लधर्मी आहे; तींतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. म्हणून स्फुरद कुजलेल्या शेणखतांत मिसळून पिशवी भरतांनाच द्यावें. नत्र पावसाबरोबर वाहून जातें; त्याकरितां पानें जून झाल्यावर, पावसाची उघडीप पाहून, लिटरभर पाण्यांत पांच ग्रॅम युरिया विरघळवून फवारावा.

इतकेंही करून जें रोप शेजाऱ्यांच्या निम्मेंच राहतें, तें आमच्या मतें फेंकून द्यावें. हें कित्येकांस निर्दयपणाचें वाटतें. परंतु रोपाचें काम येथें खुंट होण्याचें आहे. काजूचें परागीभवन बहुतांशीं परझाडाचें असल्यामुळें बियांचें झाड आईसारखें निघेलच असें नाहीं. म्हणूनच वेंगुर्ला-४ (१९८१), वेंगुर्ला-७ (१९९७) यांसारख्या जातींचीं कोय कलमेंच लावावयाचीं असतात. काडी व खुंट सारख्या जाडीचे नसतील तर कलमाचा सांधा नीट जुळत नाहीं. सात मीटरांच्या अंतरानें प्रत्येक झाड ४९ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, दीर्घकाळ अडवून बसतें. आणि सारा त्या अर्ध्या गुंठ्याचाही भरावा लागतो.

विकत घेतांना आणखी सावध राहावें. पुष्कळ गिऱ्हाईक उंची पाहून भाव देतें, म्हणून कांहीं विक्रेते युरिया देऊन रोपें लांबवितात. तीं हिरवींगार दिसतात व मूळ बोटभरही नसतें. आम्ही आतां खरेदीपूर्वीं आमच्या पसंतीची एक पिशवी फाडावयास सांगतों. तिची किंमत आम्ही देतों. जो विक्रेता फाडूं देत नाहीं, त्याच्याकडून आम्ही एकही रोप घेत नाहीं.