नवोदयच्या अर्जातला एक रकाना

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज सुरू झाले, की पनवेल तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रमाणपत्रे सहीसाठी येऊ लागतात. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग हे सगळे जनरल रजिस्टरवरून उतरवता येते. पेन थांबते ते एकाच रकान्यावर: शाळा ग्रामीण की शहरी? पोलादपूर किंवा म्हसळ्याच्या मुख्याध्यापकाला हा प्रश्न पडत नाही. करंजाड्याच्या मुख्याध्यापकाला पडतो, आणि तो पडावा अशीच तिथली परिस्थिती आहे.

गाढी नदीच्या एका अंगाला पनवेल शहर. तिथली नगरपालिका १८५२ सालची, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महापालिका. नदी ओलांडली की करंजाडे. सिडकोने आखलेले सेक्टर, एकाला एक लागून उभ्या बहुमजली इमारती, तळमजल्यावर मेडिकल, मोबाईलचे दुकान, इस्टेट एजंटची पाटी. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांतली कितीतरी कुटुंबे वडघर-करंजाड्याच्या या पट्ट्यात पुनर्वसनाच्या भूखंडांवर आली. बाकी वस्ती कर्ज काढून पहिले घर घेतलेल्यांची आणि भाडेकरूंची. तरीही महापालिकेत जी २९ गावे घेतली, त्यांत करंजाडे नव्हते. कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला. त्यामुळे घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीची, भूखंडाचा करार सिडकोचा, आणि नळाला पाणी आले नाही तर कुणाचा दरवाजा ठोठवायचा हे ज्याने त्याने अनुभवाने शिकायचे.

आता नवोदयचा नियम पाहू. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. ग्रामीण कोण, तर ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण सत्रे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असेल, तरी मूल शहरी. आणि शहरी भाग कुठला, तर अर्ज भरण्याच्या अखेरच्या तारखेला सरकारी अधिसूचनेने जो शहरी ठरला आहे तो. उरलेले सगळे ग्रामीण. मुलाचे घर कुठे आहे, आईबाप काय करतात, घरात शिकवणारे कुणी आहे का, शाळा सरकारी की खाजगी, यांपैकी काहीही या व्याख्येत येत नाही. शाळेचा पत्ता तेवढा येतो.

करंजाड्यातल्या एकाच जिन्यावरची दोन मुले डोळ्यासमोर आणा. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीतली मुलगी, वडील रिक्षा चालवतात, आई नदीपलीकडे चार घरची धुणीभांडी करते. आई कामाला जाताना तिला सोडू शकते म्हणून तिचे नाव पनवेलच्या अनुदानित मराठी शाळेत. पाचव्या मजल्यावरच्या मुलाचे आईवडील दोघेही पदवीधर, दोघांच्या नोकऱ्या पक्क्या. त्याची इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा मात्र ग्रामपंचायतीच्या हद्दीत. नियम अक्षरशः लावला, तर मुलगी शहरी आणि मुलगा ग्रामीण. यात कुणी खोटे बोललेले नाही, कुठला दाखला बनावट नाही. म्हणूनच हे प्रकरण चौकशीचे नाही, व्याख्येचे आहे.

शिवाय व्याख्याही पुरती स्पष्ट नाही. नवी मुंबईच्या नव्या शहरासाठी जमिनी १९७१ च्या सुमारास अधिसूचित झाल्या, सिडको तिथे नियोजन प्राधिकरण. ही अधिसूचना ‘शहरी भाग ठरवणारी’ धरायची की नाही? एक मुख्याध्यापक ग्रामपंचायतीकडे बोट दाखवून ‘ग्रामीण’ लिहील. दुसरा जपून वागणारा असेल तर सिडकोचा नकाशा पाहून ‘शहरी’ लिहील. दोघांनीही प्रामाणिकपणे सही केली तरी एकाच सेक्टरमधल्या दोन शाळांची मुले दोन वेगळ्या रांगांत उभी राहतील. जनगणनेने हा पेच आपल्यापुरता सोडवलेला आहे. ग्रामपंचायत असली तरी ५,००० वर लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढे जमले की ते गाव जनगणनेत नगर म्हणून मोजले जाते. नवोदयच्या रकान्याला अशी काही मोजपट्टी नाही.

उलट बाजू महापालिकेच्या हद्दीत दिसते. घोट, कोयनावेळे, पिसार्वे, धानसर ही गावे २०१६ मध्ये महापालिकेत गेली. शाळा त्याच, वर्ग तेच, आणि अनेक ठिकाणी पुढे बरीच वर्षे शाळा चालवत राहिली तीही जिल्हा परिषदच. हद्दीची रेघ मात्र शाळेच्या पलीकडून गेली आणि तिथली मुले नवोदयच्या लेखी शहरी झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शेतमजुराचे मूल खुल्या यादीत, आणि करंजाड्यातल्या पाचव्या मजल्यावरचे मूल राखीव यादीत.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कुणी म्हणणार नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून नवोदयची कल्पना देशभर गेली. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीचे, दुसरे हरियाणातल्या झज्जरचे. महाराष्ट्राने तर साठच्या दशकातच शासकीय विद्यानिकेतने काढून शिष्यवृत्ती परीक्षेतून ग्रामीण मुले निवडायला सुरुवात केली होती. औरंगाबाद, धुळे, पुसेगावच्या विद्यानिकेतनांतून निघालेली पिढी आज निवृत्तीच्या वयात आहे, आणि त्यांतले कितीतरी जण गावातून थेट तिथे गेलेले. त्या काळी शाळेचा पत्ता म्हणजे मुलाच्या परिस्थितीचा बऱ्यापैकी खरा अंदाज होता. गावात खाजगी इंग्रजी शाळा नव्हती, क्लास नव्हता, आणि ज्यांना परवडत होते ते मुलांना तालुक्याला ठेवत होते. तो अंदाज महानगराच्या कडेला आता लागू पडत नाही. पनवेलमध्ये नाही, तसा पुण्याजवळच्या वाघोली-मांजरीच्या पट्ट्यातही तो काही वर्षांपूर्वीच पडेनासा झाला.

या सगळ्यात खरे नुकसान कुणाचे होते हे पाहायला करंजाड्याहून माथेरानच्या पायथ्याला, धोदाणीच्या बाजूला जावे लागते. तालुका तोच, पनवेल. ठाकूर आणि कातकरी वाड्या, जिल्हा परिषदेच्या लहान शाळा, बहुतेक ठिकाणी दोन शिक्षकांवर पाच इयत्ता. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नवोदयची परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, म्हणजे नेमकी भट्टीच्या हंगामात. त्यात ‘तिन्ही वर्षे पूर्ण सत्र’ ही अट. भट्टी दुसऱ्या तालुक्यात असेल, तिथल्या शाळेत चार महिने तात्पुरती हजेरी लागली असेल आणि ती शाळा नेमकी एखाद्या नगरपंचायतीच्या हद्दीत असेल, तर कागदोपत्री हे मूल शहरी ठरवता येते. ग्रामीण मुलांसाठी केलेल्या तरतुदीतून वाडीवरचे मूल बाहेर जावे, याहून मोठी विसंगती आम्हाला तरी माहीत नाही.

परीक्षा ८० प्रश्नांची, १०० गुणांची, दोन तासांची. त्यांतले निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीला. आकृत्यांची मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा ओळखा, वेगळी आकृती शोधा. ही बुद्धीची कसोटी आहे हे मान्य. पण ती सरावाने साधणारी कसोटी आहे हे शिष्यवृत्तीचे जादा तास घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ज्या मुलाने तीनशे आकृत्या आधी पाहिल्या आहेत आणि ज्याने उत्तरपत्रिकेतला गोल पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच रंगवला, त्या दोघांचे गुण एका तागडीत घालणे सोपे असते, न्याय्य असतेच असे नाही. राज्यात जागोजागी निघालेले निवासी नवोदय क्लास याच फरकावर चालतात. नाव गावातल्या शाळेत, मूल तालुक्याच्या क्लासात, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. हजेरीपटावर त्या मुलांपुढे ‘उ’ कोण लिहितो, हेही आपल्याला माहीत आहे.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. म्हणजे ६० ग्रामीण. रायगडात तालुके १५. सरळ भागाकार केला तर तालुक्यामागे चार जागा. रायगडचे विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. एकदा तिथे पोचलेल्या मुलाला राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे सरकारी खर्चाने. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी, तोही मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. चार जागांसाठी एवढी ओढाताण का होते ते यावरून कळावे.

पैशाचा हिशेब इथूनच सुरू होतो. ६ डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ नवी नवोदय विद्यालये मंजूर केली. तरतूद २,३५९.८२ कोटी रुपये, त्यांतला भांडवली भाग १,९४४ कोटींच्या आसपास. म्हणजे विद्यालयामागे सुमारे ६९ कोटी, आणि ५६० मुलांची क्षमता धरली तर एका जागेमागे बारा लाखांवर नुसती उभारणी. दुसरीकडे समग्र शिक्षामधून तीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती आणि विजेचे बिल, सगळे त्यातच. ही तुलना काटेकोर नाही. निवासी शाळा महाग असणारच, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे पगार, पोषण आहार वेगळ्या खात्यांतून येतात. नवोदयचे पैसे कमी करा असेही आमचे म्हणणे नाही. ज्या खर्चाच्या दारावर परीक्षा लावली आहे, त्या परीक्षेपर्यंत मुलाला पोचवणाऱ्या शाळेच्या वाट्याला काय येते, एवढेच इथे दाखवायचे आहे.

पीएम श्री योजनेत तर शाळाच एकमेकींशी स्पर्धा करतात. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत १४,५०० शाळा आणि पाच वर्षांसाठी २७,३६० कोटी, म्हणजे शाळेमागे सरासरी १ कोटी ८८ लाख. एका गटातून जास्तीत जास्त दोन शाळा. अर्ज करायलाच पक्की इमारत, रॅम्प, स्वच्छतागृहे, वीज, ग्रंथालय यांची किमान पातळी हवी. ज्या शाळेकडे हे आहे तिला आणखी मिळते. गळक्या छपराची शाळा अर्जाच्या पहिल्या पानावरच बाद, आणि छपरासाठी पैसे मागायचे तर दुसरी खिडकी.

पत्त्याखेरीज दुसरे निकष लावणे अशक्य आहे, असे म्हणायला जागा नाही. आठवीची एनएमएमएस परीक्षा पाहा. वर्षाला १२,००० रुपयांची ही शिष्यवृत्ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना, तीही पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तरच. परीक्षा घेणारे आपणच, दाखले गोळा करणारे आपणच. तमिळनाडूने २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या, आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती तरतूद वैध ठरवली. गंमत म्हणजे हिंदीच्या वादापायी नवोदय विद्यालय एकही नसलेले राज्य हेच. अमेरिकेतल्या शिकागोने निवडक सार्वजनिक हायस्कुलांसाठी पत्ताच धरला, पण त्या वस्तीचे उत्पन्न, प्रौढांचे शिक्षण, एकट्या पालकाची कुटुंबे, स्वतःचे घर असणाऱ्यांचे प्रमाण अशा बाबी मोजून वस्त्यांचे चार स्तर केले, आणि काही जागा निव्वळ गुणांवर ठेवून बाकीच्या या चार स्तरांत वाटल्या. तिथेही तक्रारी आहेतच. पण पत्ता म्हणजे नेमके काय मोजायचे, हे तिथे लिहून ठेवलेले आहे.

नवोदय विद्यालय समितीकडे आमची मागणी मोठी नाही. ग्रामीण ७५ टक्के तसेच राहू द्यावेत. त्यांच्या आत निम्म्याहून अधिक जागा तिसरी ते पाचवी जिल्हा परिषद, आश्रमशाळा, पालिका किंवा अनुदानित शाळेत शिकलेल्यांना मिळाव्यात. शाळेचे व्यवस्थापन यू-डायसमध्ये नोंदलेलेच असते, त्यासाठी वेगळा दाखला नको, वेगळा खर्च नको. महापालिकेत गेलेल्या गावांतल्या मुलांना काही वर्षांचा संक्रमणकाळ द्यावा. आणि कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला तात्पुरत्या हजेरीमुळे शहरी ठरवू नये, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे. उत्पन्नाच्या दाखल्याची मागणी आम्ही मुद्दाम करत नाही. तहसील कार्यालयात तो कसा मिळतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कारण सांगायला नको.

समितीचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर सही आपली आहे. करंजाडे, वडघर आणि आसपासच्या मुख्याध्यापकांनी हा रकाना एकेकट्याने, अंदाजाने भरू नये. केंद्रप्रमुखांनी केंद्रातल्या सर्व शाळांची बैठक घ्यावी, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत निजामपूरच्या प्राचार्यांना एकच लेखी प्रश्न पाठवावा: ग्रामपंचायत हद्दीतले सिडकोचे सेक्टर नवोदयच्या व्याख्येत कुठे बसतात? उत्तर येईल ते सगळ्यांनी सारखे पाळावे आणि त्याची प्रत शाळेच्या फलकावर लावावी. पालकांनाही ते तिसरीत नाव घालण्याआधी कळले पाहिजे, पाचवीत कळून उपयोग नाही. धोदाणीच्या बाजूच्या शिक्षकांनी भट्टीवर जाणाऱ्या पाचवीच्या मुलांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधीच करावी. परीक्षेच्या दिवशी त्यांना केंद्रावर आणायला गाडी लागेल. तिचे भाडे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने की ग्रामपंचायतीच्या निधीतून, हे सप्टेंबरातच ठरवून ठेवावे, कारण डिसेंबरात त्या वाडीवर सही करायला कुणी नसते.