पौर्णिमेचे जेवण आणि घरच्या बाईचे ताट

बुद्ध पौर्णिमा येते ती ऐन वैशाखात. धरणे आटत आलेली असतात तीही याच दिवसांत. बारवी धरणाचे पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन एमआयडीसीच्या जलवाहिन्यांतून आपल्या भागाकडे येते. पण चढावरच्या आणि नळाच्या टोकाच्या वस्त्यांत त्याची बारीक धारच पोचते. कपात लागली की तीही चुकते. अशा दिवसांत वंदना झाली की घरोघरी पाहुणे जेवायला येतात. लेकी-जावई, मावशी-आत्या, शेजारी, कामावरचे मित्र. सर्वांनी यावे, पोटभर जेवावे. आमचे म्हणणे एवढेच की हे जेवण घरच्या बाईच्या जिवावर होऊ नये.

आज काय होते? बाई पहाटेपासून पाण्याच्या रांगेत, मग पत्र्याखालच्या खोलीत गॅसपुढे. पुऱ्या, दोन भाज्या, भजी, खीर. उकाड्यात ती स्वतः पाणी प्यायचेही विसरते. शेवटी उरलेसुरले खाते आणि रात्री डोके धरून बसते. सण सर्वांचा, दमणूक एकटीची. समता शिकवणाऱ्या धम्माच्या सणाला हे शोभत नाही.

म्हणून पदार्थ कमी करा, हात वाढवा. भाकरी, मटकीची उसळ, वरण-भात, काकडीची कोशिंबीर आणि खीर एवढे पुष्कळ झाले. तळण गाळले की तेल, गॅस आणि घाम तिन्ही वाचतात. जवळ राहणाऱ्या नातलगांनी एकेक पदार्थ करून आणावा. पाणी भरणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घ्यावीत.

काही गोष्टींत मात्र ढिलाई नको. पिण्याचे पाणी आदल्या रात्री खळखळ उकळून झाकून ठेवा. त्यात हात किंवा पेला न बुडवता ओगराळ्याने काढा. भात आणि खीर सर्वांत शेवटी करा. या उन्हाळ्यात शिजलेले अन्न तासाभरात संपलेले बरे. दिवसभर बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि उलट्या होतात लहान मुलांना. सुजाताने दिली ती खीरच. ती जरूर करा, पण मधुमेह असलेल्यांना दोन चमच्यांवर आग्रह नको. रक्तदाब असलेल्यांच्या ताटात पापड-लोणचे टाळा. दारूचे तर बोलायलाच नको. पंचशीलातही ती वर्ज्य आहे आणि बावीस प्रतिज्ञांतही.

कोणी विचारील, साध्या जेवणाला लोक काय म्हणतील? आम्हांला वाटते, पाहुण्याचा मान पदार्थांच्या संख्येत नसतो. 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब ओंजळीने प्यायले, ते आपल्या माणूसपणाच्या हक्कासाठी. त्यांच्या लेकरांच्या घरी स्वच्छ पाण्याचा तांब्या आणि गरम भाकरी प्रेमाने पुढे आली, तर त्यात कमीपणा कसला? उसनवारी करून घातलेल्या पंगतीपेक्षा ती लाखमोलाची.

तर या पौर्णिमेला एवढे ठरवू या. पहिल्या पंगतीत घरच्या बाईचे ताट मांडायचे, आणि ती बसल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. जय भीम!