क्रूसापाशी ठेवलेली फुलदाणी

पावसाळा ओसरू लागला की मुंबईच्या गृहसंकुलांत एक माणूस शिडी आणि विजेरी घेऊन येतो. गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीचे झाकण उचलतो आणि पाण्यात अळ्या वळवळताना दिसतात का, ते पाहतो. रहिवासी बहुधा त्याला दार उघडत नाहीत. महानगरपालिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील कीटकनाशक विभागाचा हा कर्मचारी. आजार बरा करणारा डॉक्टर आपल्या स्मरणात राहतो. आजार होऊच नये म्हणून राबणाऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

त्याचे काम दिसते त्याहून अवघड आहे. शहरात मलेरिया पसरविणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास विहिरींत आणि उघड्या टाक्यांत वाढतो. डेंग्यूच्या एडिस डासाला तर बाटलीच्या बुचात साचलेले पाणीही पुरते. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सारी भांडी कोरडी करण्याचा खात्याचा आग्रह असतो. मात्र एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. तेव्हा नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. लोकांची मागणी असते ती धुराची. धुराने उडते डास मरतात, अळ्या जशाच्या तशा राहतात. पण धूर डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तो लोकप्रतिनिधींनाही प्रिय असतो. टाकीचे झाकण कोणाच्याही प्रचारपत्रकात येत नाही!

२०१० साली मुंबईत मलेरियाचे पाऊण लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले. बांधकामांवर साचलेले पाणी आणि तिथेच राहणारे मजूर, अशी ती जोडी होती. बांधकामांची तपासणी, मजुरांची रक्ततपासणी आणि त्वरित उपचार यांवर भर दिल्यानंतर पुढील काही वर्षांत ती संख्या दहा हजारांच्याही खाली आली. हा रोग झोपडपट्टीचाच, असे म्हणणाऱ्यांचा भ्रम डेंग्यूने दूर केला. २०१२ साली ख्यातनाम चित्रपटनिर्माते यश चोप्रा यांचे मुंबईत डेंग्यूनेच निधन झाले. शोभेच्या रोपांची भांडी, शीतकपाटामागील तबक, अशी एडिसची आश्रयस्थाने सुखवस्तू घरांतच अधिक असतात.

पालिकेला नोटीस बजावण्याचा अधिकार आहे, दंडही होतो. परंतु जिथे श्रद्धेचा प्रश्न येतो तिथे दंड अपुरा पडतो. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा शोध घेतला, तेव्हा दोष शहरातील विहिरींकडे गेला. विहिरी बुजविण्यास अथवा झाकण्यास अनेकांनी धार्मिक कारणास्तव विरोध केला. ज्या पाण्याला हात जोडायचे, त्यातच रोग आहे हे मान्य करणे सोपे नव्हते. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण आता पाळी आपली आहे.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत जातो. कबरी धुतो, मेणबत्त्या लावतो आणि पाण्याने भरलेल्या फुलदाण्या ठेवून घरी परततो. तो काळ डेंग्यूच्या हंगामाच्या शेपटाचा असतो. पुढच्या आठ-दहा दिवसांत किती जण त्या फुलदाण्या रिकाम्या करण्यास जातात? हीच गत रस्त्याकडेच्या क्रूसांची. वांद्रे परिसरातील अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात, साथीपासून रक्षण व्हावे म्हणून भाविकांनी उभारले. त्याच क्रूसाच्या पायथ्याशी आज एडिसची पैदास व्हावी, ही गोष्ट मला तरी अस्वस्थ करते.

फुलांना कोणाचीच हरकत नाही. फुलदाणीत पाण्याऐवजी ओली वाळू भरली तरी फुले उभी राहतात आणि डासाला अंडी घालण्यास पाणी उरत नाही. पालकीय परिषदेने हा विषय ऑक्टोबरमध्येच घ्यावा, दफनभूमीच्या दाराशी वाळूचा ढीग ठेवावा, आठवड्यानंतर फुले गोळा करण्यासाठी युवकांचा एक गट नेमावा. आणि चर्चच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे त्या शिडीवाल्या कर्मचाऱ्याला आधीच कळवून ठेवावे. रविवार वगळता आपली दारे बहुधा बंदच असतात.