मुक्काम निजामुद्दीनला

दिल्लीत उतरायचं कुठं? अम्मींचे गुडघे दुखरे, म्हणून आधी स्टेशनालगतचं हॉटेल पाहिलं. फोनवर खोली होती. नाव सांगितलं आणि ती भरली! वाद घातला नाही. निजामुद्दीन बस्तीत, दर्ग्याच्या वर्दळीपासून दोन गल्ल्या आत खोली घेतली. गुरुवार मुद्दाम टाळला, त्या संध्याकाळी कव्वालीला गर्दी फार. पहाटे मात्र गल्ली इतकी शांत, की अम्मी काठी टेकत एकट्याच गालिबच्या मजारीपर्यंत जाऊन आल्या. 1869 पासून गालिब तिथं निजलेत. वर्गात त्यांना शिकवणारे आम्ही फजर पढून पुन्हा झोपलो होतो! हुमायूनचा मकबरा मथुरा रोडच्या पलीकडेच.

खोली ठरवताना मशीद किती पावलांवर, जिना किती पायऱ्यांचा, एवढं विचाराच. आमचा 32 पायऱ्यांचा निघाला. अम्मी म्हणाल्या, “असू दे. इथं कुणी नाव विचारून दार लावलं नाही.”