एकट्याने जाऊ द्या!

डोंगरावर एकटा जाणारा माणूस एक तर वेडा, नाही तर घरच्यांशी भांडून निघालेला, असे आपल्याकडे सर्रास मानतात. मला हे मुळीच मान्य नाही.

आश्विनातली राजगड ते तोरणा ही वाट घ्या. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरायचे आणि डोंगराच्या धारेने १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्याची बुधला माची गाठायची. दोन्ही अंगांना दऱ्या, उतारावर सोनकीची पिवळी फुले. दहाजणांच्या मेळ्यात ही वाट मी चाललो आहे, आणि एकटाही. मेळ्यात पुढच्याची पाठ पाहिली. एकटा असताना डोंगर पाहिला.

‘सोबत असली म्हणजे धोका नाही’ म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे : निसरड्या कातळावर पाय कोण टाकतो, तुम्ही की तुमची सोबत? घोळक्यात प्रत्येकाला वाटते, वाट दुसऱ्याला ठाऊक असेल, पाणी दुसऱ्याने घेतले असेल. एकट्याला असा ‘दुसरा’ नसतो. म्हणून तो जपून चालतो.

पाय मुरगळला तर? शंका रास्त आहे. म्हणूनच वाट आणि परतीची वेळ घरी सांगून निघावे. उशीर झाला, तर मधल्या खिंडीतल्या डांबरी रस्त्याने मुकाट्याने खाली उतरावे. त्यासाठी एकट्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

तेव्हा वर्षातला एक दिवस घरातले कोणी एकटे निघू म्हणाले, मग तो मुलगा असो की सून, तर ‘कशाला?’ म्हणू नका. ‘केव्हा येणार?’ एवढेच विचारा, आणि डबा बांधून द्या.