नीटच्या तयारीत मनाची तयारीही धरावी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : 'नीट'ची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षाचिंतेबाबत

महोदय,

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न, एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर काळ्या बॉलपेनाने नोंदवायची असतात आणि एकदा भरलेला गोळा खोडता येत नाही. २०२५ साली २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. शासकीय आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कात लाखो रुपयांचा फरक असल्यामुळे शेतकऱ्याच्या किंवा साध्या पगारदाराच्या घरातील मुलासाठी खरी स्पर्धा शासकीय जागेचीच असते. तिथे पाच-दहा गुणांनीही प्रवेश हुकतो.

परीक्षेची ही रचनाच चिंता निर्माण करणारी आहे. त्यामुळे ती देणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला भीती वाटणे हा त्याचा दुबळेपणा ठरत नाही. महाराष्ट्रात या भीतीला आणखी एक पदर आहे. वैद्यकीय प्रवेश नीटवर आल्यापासून लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे या शहरांत तयारीसाठी मुले मोठ्या संख्येने येऊन राहतात. गाव, घर आणि मित्र सुटतात. खोलीवर तीन-चार जण असतात, डबा मेसचा असतो आणि दिवस क्लास, कॉलेज व अभ्यासिका यांत वाटला जातो. घरून रोज फोन येतो आणि बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न टेस्टमध्ये किती पडले हा असतो.

चिंतेचे दोन भाग मानले जातात. पहिला शरीराचा : छातीत धडधड, तळहातांना घाम, पोटात गोळा, मान आखडणे. दुसरा विचारांचा : 'हे मला येणार नाही', 'या वर्षीही राहिलो तर', 'बाबांनी कर्ज काढले आहे'. शरीराचा ताण काही मर्यादेपर्यंत उपयोगी पडतो. तो माणसाला सावध आणि जागा ठेवतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की काम जितके अवघड, तितका जादा ताण त्याला लवकर बाधतो. परीक्षेत अधिक नुकसान करतो तो विचारांचा भाग. एखादे उदाहरण सोडवताना दिलेल्या राशी, सूत्र आणि मधल्या पायऱ्या मेंदूला काही क्षण एकत्र धरून ठेवाव्या लागतात. या तात्पुरत्या स्मृतीची क्षमता फार थोडी असते. त्यातली बरीच जागा काळजीच्या विचारांनी अडवली की घरी सहज सुटणारे उदाहरण परीक्षेत अडते. विद्यार्थी म्हणतो, 'सगळे ब्लँक झाले.' त्याचे ज्ञान गेलेले नसते. ते बाहेर काढण्याची वाट तेवढा वेळ बंद झालेली असते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते रविवारच्या सराव परीक्षेत दिसते. भौतिकशास्त्राच्या एकतिसाव्या प्रश्नात उतरणीवरचा ठोकळा आणि कप्पी असते. उत्तर चारपैकी एकाही पर्यायाशी जुळत नाही. विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून आकडेमोड करतो. घड्याळात चार मिनिटे गेलेली असतात, म्हणजे चार प्रश्नांचा वेळ. शेजारचा पान उलटतो, तो आवाज ऐकू येतो. आता घाई सुरू होते. एकतिसावा प्रश्न सोडून दिला जातो, पण बत्तिसाव्याचे उत्तर ओएमआरवर एकतिसाव्या ओळीत भरले जाते आणि पुढची सात-आठ उत्तरे एकेक ओळ वर सरकतात. ही चूक अभ्यास कमी पडल्याची नाही. तिच्यावरचा उपाय म्हणून जादा धडे वाचायला सांगणे निरर्थक आहे. प्रश्न सोडला की त्याच क्षणी प्रश्नपत्रिकेवर खूण करणे आणि दर दहा प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहणे ही सवय तिथे कामाला येते.

म्हणून चिंतेचा बंदोबस्त अभ्यासाच्या पद्धतीतच करावा लागतो. त्यातली पहिली गोष्ट उजळणीची. एनसीईआरटीचे पान पाचव्यांदा वाचले की ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा समज होतो. पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केला, रिकाम्या कागदावर आकृती काढली, स्वतःला प्रश्न विचारले, तर आठवण अधिक काळ टिकते. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रयोगांतून हे दाखवून दिले. त्याचा दुसरा लाभ असा की काय येते आणि काय येत नाही हे नेमके कळते. 'काहीच झाले नाही' या सर्वव्यापी भीतीच्या जागी 'मानवी उत्सर्जन संस्था आणि विद्युत्चुंबकीय प्रवर्तन राहिले आहे' अशी दोन ओळींची यादी येते. यादीवर काम करता येते.

दुसरी गोष्ट चुकांच्या वहीची. प्रत्येक टेस्टनंतर चुकलेले प्रश्न तीन भागांत लिहावेत : मुळात माहीत नव्हते, माहीत असून आठवले नाही, घाईत चुकले. पहिल्या गटाला वाचन लागते, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला वेळेचा सराव. केवळ एकूण गुण पाहिल्याने यातले काहीच कळत नाही, फक्त मनावर दडपण येते.

तिसरी गोष्ट अंदाजाने उत्तर देण्याची. परीक्षेत यावर सर्वाधिक घालमेल होते, म्हणून तिचा नियम आधीच ठरलेला असावा. चारपैकी एकही पर्याय बाद करता येत नसेल तर अंदाजी उत्तराचा सरासरी लाभ पाव गुण इतका किरकोळ असतो आणि तेवढ्यासाठी वेळ घालवण्यात अर्थ नसतो. दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर हाच लाभ दीड गुणावर जातो आणि उत्तर देणे योग्य ठरते. निर्णय घरी झालेला असला की परीक्षेच्या खोलीत तो पुन्हा करत बसावे लागत नाही.

चौथी गोष्ट झोपेची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत होते. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसून सकाळी सहाला बॅच गाठणारा विद्यार्थी मेहनती दिसतो, पण वाचलेले टिकवण्याची वेळच तो काढून टाकत असतो. अपुऱ्या झोपेने चिंता वाढते, चिंतेने झोप उडते, आणि ती भरून काढायला घेतलेला चहा-कॉफीचा जादा कप छातीतली धडधड वाढवतो. परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळेत असते. निदान शेवटचे दोन महिने तरी मेंदू त्या वेळेला ताजा राहील असे वेळापत्रक असावे.

परीक्षेच्या दिवशीची बरीच भीती अनोळखीपणातून येते. दीड वाजता केंद्राचे दार बंद होते. त्याआधी उन्हात रांग, अंगझडती, ओळख पटवणे. बूट चालत नाहीत, पूर्ण बाह्यांचे कपडे टाळावे लागतात, दागिने काढावे लागतात. यातली प्रत्येक गोष्ट आधी अनुभवता येते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चप्पल घालून, पारदर्शक बाटली घेऊन, अनोळखी वर्गात, पंखा बंद असतानाही दोन ते पाच बसून दिलेल्या चार-सहा सराव परीक्षा बरीच भीती कमी करतात. पेपर मराठीतून देणाऱ्याने पारिभाषिक शब्दांचे इंग्रजी प्रतिशब्दही सरावात ठेवावेत, कारण भाषांतराबाबत शंका आल्यास इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. पेपर हाती येण्यापूर्वी सावकाश श्वास घेणे, त्यातही श्वास सोडायला जास्त वेळ देणे, याने हृदयाचे ठोके मंदावतात. जेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांच्या २०११ सालच्या अभ्यासात परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे आढळले. हा उपाय घरून निघण्यापूर्वी सहज करता येतो.

यापलीकडे एक सीमा आहे आणि ती पालकांना व शिक्षकांना ओळखता यायला हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली, मूल बोलेनासे झाले, टेस्टच्या दिवशी उलट्या किंवा श्वास कोंडण्याचे झटके येऊ लागले, आवडीच्या गोष्टींतून मन उडाले किंवा 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' अशी भाषा तोंडी आली, तर तज्ज्ञांची मदत लगेच घ्यावी. जगणे नकोसे झाल्याचे मुलाने सूचित केले तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याला तसे सरळ विचारायला कचरू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. कोणाच्या सांगण्यावरून धडधड थांबवण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेणे धोक्याचे आहे.

रिपीटर विद्यार्थ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. नीट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही, वयाची वरची मर्यादाही नाही. ही मुभा चांगली आहे, पण तिच्यामुळे एका वर्षाची दोन आणि दोनाची तीन वर्षे होतात, आणि थांबावे कधी हे सांगणारे कोणी नसते. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांचे प्रवेश नीटवरच होतात. फार्मसीसाठी राज्याची सीईटी आहे. हे मार्ग अकरावीतच समजावून दिले तर ते मुलाला आपल्या निवडीचे वाटतात. निकालानंतर सुचवले की तीच गोष्ट शिक्षेसारखी भासते.

विद्यार्थ्याने आणि घराने करायचे ते एवढे. उरलेले संस्थांच्या हाती आहे, आणि तिथे शासनाचा अधिकार चालतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, क्लास मध्येच सोडणाऱ्याला उरलेले शुल्क परत मिळावे. पुढे विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, गुणांवरून बॅच पाडणे शक्यतो टाळणे, जाहीर अपमान न करणे, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, आणि मदतीचे क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळक लावणे यांचा त्यांत समावेश आहे. कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत.

या निर्देशांची महाराष्ट्रात खरी अंमलबजावणी व्हावी यासाठी शासनाने चार गोष्टी कराव्यात. एक, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील देखरेख समितीने लातूर, नांदेडसारख्या शहरांत दर तीन महिन्यांनी क्लासेस, वसतिगृहे आणि अभ्यासिका तपासून अहवाल जाहीर करावा. दोन, टेस्टचे गुण फक्त विद्यार्थ्याला व पालकांना कळवावेत. नावानिशी रँक लिस्ट भिंतीवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यास मनाई करावी. तीन, विज्ञान शाखेच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या पहिल्या सत्रात झोप, उजळणीची पद्धत, परीक्षाचिंता आणि पर्यायी अभ्यासक्रम यांवर मराठीतून तासिका ठेवाव्यात आणि पालकांचीही एक बैठक घ्यावी. चार, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी प्रत्येक महाविद्यालय जोडावे, म्हणजे शिक्षकाच्या लक्षात आलेला विद्यार्थी त्याच आठवड्यात डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.

यांतील पहिल्या दोन गोष्टींना आदेश आणि तपासणी पुरेशी आहे. उरलेल्या दोहोंना शिक्षकांचे प्रशिक्षण लागेल आणि समुपदेशकांच्या वेतनाची तरतूदही करावी लागेल. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी पहिल्या दोन लागू करून उरलेल्यांचे वेळापत्रक जाहीर करावे, ही विनंती.

कळावे,
एक नागरिक