खोट्याची पारख आणि सत्याची साक्ष

मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे एक छायाचित्र जगभर फिरले. पांढराशुभ्र, फुगीर, उंची कोट घातलेले वयोवृद्ध धर्मगुरू त्यात दिसत होते. अनेकांना ते खरे वाटले. कित्येकांनी कौतुक केले, तर काहींनी या थाटाबद्दल नाकेही मुरडली. वस्तुतः तो प्रसंग घडलाच नव्हता. ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले होते. खुलासा झाल्यावर जग हसले आणि पुढच्या गमतीकडे वळले.

परंतु सर्वच खोट्यांचा शेवट हसण्यावर होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ही मुले पळविणारी माणसे आहेत, एवढा संशय त्यास पुरेसा झाला. अशा टोळ्यांच्या अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस भ्रमणध्वनीवरून हिंडत होत्या. त्या पुढे धाडणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण खोटे बोलत आहोत असे क्षणभरही वाटले नसेल. उलट शेजाऱ्याला सावध केल्याचे समाधानच वाटले असेल. आजच्या असत्याचे खरे स्वरूप येथे दिसते. ते रचणारे थोडे असतात, पण वाहून नेणारे असंख्य असतात आणि ते बहुधा सज्जन असतात.

या प्रश्नाचा विचार कायदा, तंत्रज्ञान आणि पत्रकारिता या अंगांनी पुष्कळ झाला आहे. ख्रिस्ती परंपरेनेही त्याचा दीर्घ काळ विचार केला आहे. तिच्यात सत्य हा केवळ नीतिनियम नसून श्रद्धेचा गाभा मानला जातो. आणि असत्याला बळी पडण्याचा व स्वतः असत्य पोसण्याचा अनुभवही तिच्या गाठीशी मोठा आहे. म्हणून तिच्यापाशी या विषयात काय सांगण्याजोगे आहे, हे पाहणे ख्रिस्तीतर वाचकालाही उपयोगाचे ठरेल.

सर्पाची रीत

पोप फ्रान्सिस यांनी २४ जानेवारी २०१८ रोजी खोट्या बातम्या या विषयावर एक संदेश प्रसृत केला. २०१६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी एका उमेदवाराला पाठिंबा दिल्याची संपूर्ण बनावट बातमी लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचली होती. तेव्हा हा विषय त्यांना परका नव्हता. या संदेशात त्यांनी खोट्या बातमीचे मूळ बायबलच्या पहिल्याच ग्रंथातील एदेन बागेत शोधले.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील ती कथा बारकाईने वाचण्यासारखी आहे. मनाई एकाच झाडाच्या फळाची होती. सर्प मात्र हव्वेला विचारतो की, बागेतील कोणत्याच झाडाचे फळ खाण्यास बंदी आहे हे खरे काय? हे उघड खोटे विधान नव्हे. तो साळसूद प्रश्न आहे, आणि त्यात सत्याचा एक अंश आहे. हव्वा त्याची चूक दुरुस्त करते, पण दुरुस्त करतानाच आपल्या पदरची भर घालते: फळाला स्पर्श करण्यासही मनाई आहे, असे ती सांगते. मूळ आज्ञेत तसे काही नव्हते. म्हणजे संभाषण दोन वाक्यांपलीकडे जाते न जाते तोच ऐकणाऱ्याच्या मनात अन्यायाची भावना रुजलेली असते. त्यानंतर सर्प उघड खोटे बोलतो. पण तोवर जमीन नांगरून झालेली असते.

खोट्या बातमीची आजची बांधणी याहून फारशी वेगळी नाही. सत्याचा तुकडा, त्यावर अतिशयोक्ती, मग ‘आपल्यापासून काही दडविले जात आहे’ अशी चुटपुट आणि शेवटी भय, द्वेष किंवा लोभ यांना हात घालणारे आवाहन, हा तिचा क्रम असतो. म्हणून खोटे ओळखण्याची पहिली खूण मजकुरात नसून वाचणाऱ्याच्या मनात असते. एखादी बातमी वाचताच संताप उसळला आणि ती तत्काळ दुसऱ्याला कळविण्याची घाई झाली, तर थांबण्याची वेळ नेमकी तीच होय.

शिक्के आणि साक्षीदार

दहा आज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे. तिचे शब्द न्यायसभेतील आहेत. एकाच्या जिभेवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात याच अंगाने आणखी काही नियम येतात. खोटी वार्ता पसरवू नये, दुष्कृत्य करण्यास जमावाच्या मागे जाऊ नये, आणि गरिबाच्या वादातही केवळ तो गरीब म्हणून पक्षपात करू नये. यांतील तिसरा नियम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. दुर्बळाच्या बाजूने पुन्हा पुन्हा उभा राहणारा हा ग्रंथ त्याच्यासाठीसुद्धा वस्तुस्थिती वाकविण्यास परवानगी देत नाही.

एका साक्षीवर कोणास दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन साक्षी असाव्यात, हाही त्या धर्मशास्त्राचा दंडक होता. पण नियम आहे म्हणून सत्य सुरक्षित राहते असे नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट हेच सांगते. अहाब राजाला तो मळा हवा होता. नाबोथ वाडवडिलांचे वतन विकण्यास तयार नव्हता. तेव्हा राणी ईजबेल हिने राजाच्या नावे पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटविली आणि गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. सभा रीतसर भरली, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे राहिले, आणि नाबोथाला दगडमार करून ठार करण्यात आले. या प्रकरणाचा कागद कोणी तपासला असता तर त्यात काहीही उणे सापडले नसते. मुद्रा खरी, साक्षींची संख्या बरोबर, पद्धत निर्दोष. खोटा होता तो केवळ आरोप. ज्यांचे आयुष्य फायली हाताळण्यात जाते त्यांना या कथेचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

याच्या उलट बाजूची कथा कॅथॉलिक बायबलमधील दानीएलच्या ग्रंथात आहे. दोन प्रतिष्ठित वृद्ध सुसान्ना नावाच्या स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतात. दोघांची साक्ष जुळते. सभा तिला मृत्युदंड ठोठावते. तेव्हा तरुण दानीएल दोघांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघे दोन निरनिराळी झाडे सांगतात आणि आळ कोसळतो. दानीएलने येथे चमत्कार केला नाही. त्याने साक्षीदारांच्या प्रतिष्ठेकडे पाहण्याचे नाकारले, त्यांना वेगळे केले आणि तपशील विचारला. आज एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला की तो दहा जणांनी सांगितला असे वाटते; प्रत्यक्षात ती एकाच मुखातील वाणी दहा वेळा उमटलेली असते. साक्षीदार खरोखर स्वतंत्र आहेत काय, हा दानीएलचा प्रश्न म्हणूनच आजही जुना झालेला नाही.

घरातील असत्य

ही शिकवण ज्या संस्थेने जतन केली ती स्वतः तिला जागली काय? इतिहासाचे उत्तर संमिश्र आहे. सम्राट कॉन्स्टंटाईनने रोम व पश्चिमेकडील साम्राज्याचा अधिकार पोपला दान केला, असे सांगणारा एक दस्तऐवज मध्ययुगात शतकानुशतके प्रमाण मानला जात होता. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने त्यातील भाषेची चिकित्सा करून, हे लॅटिन कॉन्स्टंटाईनच्या चौथ्या शतकातील असूच शकत नाही, असे दाखवून दिले. तो दस्तऐवज आठव्या शतकाच्या सुमारास रचलेला होता. वाल्ला स्वतः ख्रिस्ती होता आणि पुढे त्याने पोपच्या दरबारातच नोकरी केली. सत्यशोधनाने श्रद्धा बुडत नाही, बुडते ती श्रद्धेच्या नावाने मिळविलेली सोय, असा याचा अर्थ होतो.

दुसरे उदाहरण अधिक भयानक आहे. ज्यूंनी जग काबीज करण्याचा कट रचला आहे, असे सांगणारी तथाकथित ‘प्रोटोकॉल्स’ १९०३ मध्ये रशियात प्रथम छापली गेली आणि १९०५ मध्ये सेर्गेई नीलुस या धार्मिक लेखकाने ती आपल्या ग्रंथात समाविष्ट केली. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये ती चक्क चोरी असल्याचे सिद्ध केले. मोरिस जोली या फ्रेंच लेखकाने १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर टीका करण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकातून, ज्याचा ज्यूंशी काही संबंध नव्हता, उतारेच्या उतारे उचलले होते. पुरावा समोर होता, तरी असंख्य ख्रिस्ती वाचकांचा विश्वास ढळला नाही. कारण आपल्या पूर्वग्रहाला अनुकूल असे ते खोटे होते. पुढे नाझींनी त्याचा पुरेपूर उपयोग केला.

तिसरे उदाहरण आपल्याच काळातील आहे. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना बोस्टनच्या चर्चने कसे पाठीशी घातले आणि एका धर्मग्रामातून दुसऱ्यात कसे हलविले, हे जानेवारी २००२ पासून ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकाने उजेडात आणले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. संस्थेची अब्रू राखण्याच्या हेतूने सत्य दडविले गेले होते. अब्रू तर गेलीच, पण पीडितांची वर्षेही गेली.

चांगल्या हेतूने खोटे बोलावे काय, हा प्रश्न चर्चमध्ये नवा नव्हता. पाखंडी पंथाचे लोक आपली मते लपवितात, तर त्यांना हुडकण्यासाठी आपणही खोटी बतावणी करावी काय, असे संत ऑगस्टीन यांना विचारण्यात आले होते. सुमारे ४२० मध्ये लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी त्यास स्पष्ट नकार दिला. त्याआधी केलेल्या असत्याच्या आठ प्रकारांच्या वर्गीकरणात त्यांनी धर्मशिकवणीतील असत्याला सर्वांत घातक ठरविले होते. कारण उघड आहे: सत्याच्या रक्षणासाठी खोटे बोलणाऱ्यावर सत्य सांगतानाही कोणी विश्वास ठेवणार नाही.

सत्य आणि प्रेम

मात्र ऑगस्टीनचा कठोर नियम सर्व प्रसंगांना पुरतो काय, ही शंका विसाव्या शतकातील एका ख्रिस्ती विचारवंताने उपस्थित केली. हिटलरला विरोध केल्यामुळे तुरुंगात पडलेल्या आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेलेल्या डीट्रिख बोनहोफर यांनी सत्य बोलणे म्हणजे काय, यावर एक अपुरा निबंध लिहून ठेवला. त्यातील उदाहरण शाळेचे आहे. तुझा बाप दारू पिऊन घरी येतो हे खरे काय, असे शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतात. ते खरे असते. मुलगा नाही म्हणतो. बोनहोफर यांच्या मते मुलाचे उत्तर खोटे असले तरी दोष अधिक शिक्षकाकडे जातो. कारण जे विचारण्याचा त्याला अधिकार नव्हता ते त्याने विचारले, आणि कुटुंबाची लाज राखण्याखेरीज मुलाजवळ दुसरा मार्ग ठेवला नाही.

या उदाहरणाने खोटे बोलण्यास मुभा मिळते असे मानणे चूक ठरेल. त्याचा रोख दुसरीकडे आहे. वस्तुस्थितीशी जुळणारे विधानही दुसऱ्याला चिरडण्यासाठी वापरले तर ते सत्याची सेवा करीत नाही. कोणाची खाजगी दुर्बलता, आजार किंवा कौटुंबिक दुःख चव्हाट्यावर मांडून ‘हे खरेच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांची आज वाण नाही. ख्रिस्ती दृष्टीने सत्य आणि प्रेम यांची फारकत झाली की दोन्ही विटतात.

दुसरे टोकही तितकेच धोक्याचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात सत्य म्हणजे काय, असा प्रश्न येशूला करतो आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून जातो. आरोपी निर्दोष आहे असे तो स्वतः सांगतो, तरी लोकांच्या दबावापुढे त्याला वधासाठी सोपवितो. ‘सगळेच खोटे बोलतात, कोणावर विश्वास ठेवायचा?’ ही आजची वृत्ती चाणाक्षपणाची वाटते. प्रत्यक्षात ती पिलाताची आहे. यंत्रनिर्मित चित्रे व आवाज यांमुळे ती अधिकच बळावेल. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी प्रसिद्ध केलेल्या टिपणात, अशा बनावटीमुळे समाजाचा परस्पर विश्वासच खचण्याचा धोका दाखविला आहे तो याच कारणाने. सर्व काही खरे मानणारा जसा फसतो तसाच काहीच खरे न मानणाराही फसतो, कारण खऱ्या अन्यायाची बातमीही तो झटकून टाकतो.

या दोन टोकांमधील वाट बायबलमध्येच दाखविली आहे. बिरुया नगरातील लोकांनी पौलाचा उपदेश उत्सुकतेने ऐकला, पण तो सांगतो ते तसेच आहे काय, हे ते दररोज शास्त्र उघडून पडताळीत राहिले. प्रेषिताच्या शब्दाचीही शहानिशा करणाऱ्या या लोकांची ग्रंथकाराने अश्रद्ध म्हणून निंदा केली नाही; त्यांना थोर मनाचे म्हटले.

शाळेत, कचेरीत आणि घरात हीच सवय लागणे अगत्याचे आहे. हे कोणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले काय, दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे काय, हे खरे ठरले तर लाभ कोणाचा आणि खोटे ठरले तर बळी कोणाचा, हे प्रश्न विचारण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. त्यांपैकी अवघड प्रश्न एकच आहे: हे खरे असावे अशी आपलीच इच्छा आहे काय? वाल्लाच्या काळातील चर्चला, ‘प्रोटोकॉल्स’च्या वाचकांना आणि बोस्टनच्या धर्माधिकाऱ्यांना तो स्वतःला विचारता आला नाही. राईनपाड्याच्या बाजारात तो कोणी एकाने जरी मोठ्याने विचारला असता, तर त्या पाच जणांच्या वाचण्यास निदान थोडा अवधी तरी मिळाला असता.